बिल्ला नंबर बासष्ट

चौदा एप्रिलला आमच्या घरी दोन हार येतात.
मोठा, निळ्या कोटातल्या बाबांसाठी.
दुसरा तुमच्यासाठी, खाकीतल्या.
फुलवाला आता विचारत नाही,
दोन्ही एकाच पानात बांधून देतो.

तुम्ही गेलात मे महिन्यात,
पण सरकारी आठवण एप्रिलमध्ये येते.
सकाळी आठला फायर स्टेशनच्या आवारात भोंगा,
एक मिनिट.
ओळीत उभी पोरं, बुटांना ताजं पॉलिश,
नावं वाचणारा साहेब दरवर्षी नवा
आणि दरवर्षी चुकतो:
शालिक सोनकुवर, शालिकराम सोमकुंवर,
एकदा तर सोनकुसरे.
मी दुरुस्त करत नाही.
नावानंतर जी जागा सुटते, तिच्यात
मागच्या ओळीतून कुणी ‘हजर’ म्हणेल
असं वाटत राहतं. पंचेचाळीस वर्षांनीही.

त्या मेमध्ये लकडगंजातलं सागवान
इतकं तापलेलं, की आरा मशीनवाले
दुपारी हात लावत नसत.
आग रात्री लागली.
तुम्ही ताटावरून उठलात.
भाकरीचा तुकडा मोडलेला, वरणात बुडवायचा राहिलेला.
“झाकून ठेव, आलोच.”
आईनं झाकून ठेवलं.
ते ताट तिसऱ्या दिवशी मावशीनं घासलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी मिळालं,
झनकलालकाकांकडून, जे बंब चालवायचे
आणि प्यायल्याशिवाय बोलायचे नाहीत.
की तुम्ही बाहेर आला होतात.
पूर्ण बाहेर.
टोप काढून बंबाच्या पायरीवर बसलात, पाणी प्यायलात.
मग गर्दीतून कुणी ओरडलं, चौकीदार आत आहे.
तुम्ही टोप पुन्हा घातलात.

चौकीदार आत नव्हता.
तो पाचपावलीला कव्वालीचा सामना ऐकायला गेला होता.

आई यावर आयुष्यात एकच वाक्य बोलली,
तेही भांडी घासताना, नळाकडे बघत:
“पानी पेल्यावर मानूस काहून वापस जाते?”

तिला अनुकंपेवर जागा मिळाली.
महापालिका, पाणीपुरवठा विभाग, शिपाई.
पुढं मीही त्याच कचेरीत, परीक्षा देऊन,
थकबाकीच्या टेबलावर.
एका मार्चमध्ये नळ तोडायची यादी आली.
तांडापेठ, घर नंबर अमुक, पैकू हेडाऊ.
हे नाव मला पाठ होतं.
मी ती यादी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली,
तीन महिने तशीच ठेवली.
दया म्हणून, की तो माणूस
माझ्या हाताखाली राहावा म्हणून,
हे मला आजही सांगता येत नाही.

जूनच्या आधी तो स्वतःच आला.
दहा-दहाच्या नोटा, रबर लावलेल्या.
टेबलावरची पाटी त्यानं वाचली
ओठ हलवत, एकेक अक्षर,
सो-म-कु-व-र.
चुकला नाही.
त्याच्या तोंडात काहीतरी होतं. माझ्याही.
मागं रांग होती.
मी शिक्का मारला, पावती फाडली.

उन्हातून आलेला म्हातारा, म्हणून
आईनं माठातलं पाणी आणून दिलं.
तो ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायला,
ग्लास तिच्या हातात ठेवला,
आणि वळून घरी गेला.
ती दारापर्यंत बघत राहिली.
तिला ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.
मग विचारायला ती उरली नाही.

आता संध्याकाळच्या मिरवणुकीत
निळे झेंडे, डीजे, मठ्ठ्याचे पिंप,
आणि चौकाच्या कडेला, खबरदारी म्हणून, लाल गाडी.
तिच्या टपावर चढून बसलेला पोरगा
वाठोड्याचा, चोवीसचा असेल.
सकाळी त्याच्याच खिशावर तुमचा नंबर बघितला.
मला म्हणाला, मॅडम, तुम्ही त्यांच्याच ना?
स्टेशनात म्हणतात, बासष्ट चांगला नाही.
खरं आहे का?

काय सांगायचं होतं, बाबा?
मी म्हटलं, जेवून निघत जा.